आकाशमार्गाची शिदोरी



मांद्र्याचा किनारा ज्यांनी जुन्या काळी पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर होडी समुद्रात लोटण्यापूर्वीचा तांडेल सहज उभा राहील. तो आधी आभाळाकडे पाही, मग वाऱ्याचा अंदाज घेई आणि शेवटी होडीतील पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावर नजर टाकी. जाण्यायेण्याला पुरेल एवढे पाणी त्याला पुरेसे वाटत नसे. वारा पडला तर काय, मुखाशी लाटा उसळल्या आणि मोरजीऐवजी तेरेखोलला होडी लावावी लागली तर काय, या प्रश्नांची उत्तरे त्या भांड्यात असावी लागत. तांडेल लिहिणारा-वाचणारा असो वा नसो, शिलकीचा हिशेब त्याला तोंडपाठ असे.

आज याच किनाऱ्यावरून संध्याकाळी विमानांचे दिवे दिसतात. पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर उभारलेल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे या गावांनी आपल्या जमिनी आणि काजूच्या बागायती देऊन या विमानतळाची किंमत मोजली आहे. ती कथा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आजचा विषय त्या दिव्यांमागच्या एका अदृश्य कामाचा आहे. विमान जमीन सोडण्यापूर्वी कुणीतरी त्याची शिदोरी बांधून देतो. ती बांधताना चूक झाली तर काय होते, आणि ती चूक कशी होते, हे पाहिले म्हणजे तांडेलाच्या पाण्याच्या भांड्याचे मोल नव्याने कळते.

विमान वैमानिक चालवतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच्या हाती पडणारा उड्डाणाचा आराखडा बहुधा जमिनीवरच्या एका खोलीत तयार होतो. तो करणाऱ्याला विमानकंपन्यांत डिस्पॅचर म्हणतात. कोणत्या मार्गाने जावयाचे, कोणत्या उंचीवर वारा अनुकूल आहे, मुक्कामाच्या ठिकाणी हवामान कसे राहील, तेथे उतरता आले नाही तर कुठे जावयाचे, विमानाचे एकूण वजन किती आणि टाक्यांत इंधन किती, हे सारे तो मांडतो. मग कॅप्टन तो आराखडा तपासतो, पटला तर सही करतो, न पटल्यास अधिक इंधन मागतो. अमेरिकेच्या नियमांत तर उड्डाणाची जबाबदारी डिस्पॅचर आणि कॅप्टन या दोघांवर संयुक्तपणे टाकलेली आहे. प्रवाशांना मात्र या पहिल्या माणसाचा चेहरा कधीच दिसत नाही.

ही शिदोरी अनेक पुरचुंड्यांची असते. पहिली जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्यासाठी. दुसरी प्रत्यक्ष प्रवासासाठी, आणि हीच सर्वांत मोठी. तिसरी अनपेक्षित गोष्टींसाठी, सामान्यतः प्रवासाच्या इंधनाच्या ५ टक्के. चौथी पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यासाठी. आणि पाचवी अंतिम राखीव साठ्याची. जेट विमानाला १,५०० फूट उंचीवर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतकी. या पाचव्या पुरचुंडीचे वैशिष्ट्य असे की ती न सोडता परत आणावयाची असते. घरातील जाणती बाई तांदळाच्या कणगीत तळाशी थोडे दाणे ठेवते आणि त्यांना हात लावण्याची वेळ आली म्हणजे घरावर संकट आले असे समजते, तशी ही व्यवस्था आहे.

मग टाक्या काठोकाठ भरूनच का निघू नये, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर असे, की इंधनालाही वजन असते आणि ते वजन वाहून नेण्यासाठी इंधनच जळते. लांबच्या प्रवासात जादा घेतलेल्या इंधनापैकी दर तासाला साधारण ३ ते ४ टक्के केवळ स्वतःचा भार वाहण्यातच संपते. शिवाय वजन वाढले की धावपट्टी अधिक लागते, उतरतानाही विमान ठरावीक वजनापेक्षा जड चालत नाही. त्यात राज्याराज्यांत इंधनावरील कर वेगवेगळा, त्यामुळे कुठे भरावे आणि कुठे भरू नये याचाही हिशेब असतो. थोडक्यात, कमी घेतले तर जीवाला धोका आणि जास्त घेतले तर खर्चाचा भार. डिस्पॅचरचे सारे कसब या दोहोंच्या मध्ये आहे.

आपल्या देशात हे शास्त्र फार साधेपणाने सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून मुंबईला निघाले. त्यांचे लहानसे पुस मॉथ विमान वाटेत अहमदाबादला उतरले, तेव्हा बर्मा शेल कंपनीचे पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर आले होते. त्यानंतर ते जुहूच्या मैदानात उतरले. गोव्यातही पोर्तुगीज अमदानीत १९५५ साली स्थापन झालेल्या ‘ताइप’ या कंपनीची विमाने दाबोळीहून दमण, दीव आणि कराचीकडे जात. भारताशी संबंध तुटलेले असल्यामुळे समुद्रावरून वळसा घालण्याला पर्याय नव्हता, आणि वळसा म्हणजे अधिक इंधन. राजकारणाची रेघ नकाशावर ओढली जाते, पण तिची किंमत इंधनाच्या टाकीत मोजावी लागते, ही गोष्ट दाबोळीने फार पूर्वीच पाहिली आहे.

श्रोतेहो, आता चुकांकडे वळावयाचे आहे. त्यांतील पहिली चूक मापाची.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे नवे विमान माँट्रिआलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. विमानातील इंधनदर्शक यंत्र बंद होते, म्हणून टाकीत मोजपट्टी घालून इंधन मोजण्यात आले. ते भरले ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करण्यासाठी सुमारे ०.८ ने गुणावयाचे असते. परंतु कॅनडा तेव्हा जुन्या मापांकडून मेट्रिक मापांकडे वळत होता. त्या कंपनीच्या ताफ्यात किलोत हिशेब करणारे हे पहिलेच विमान होते, आणि सर्वांच्या हाताला वळण होते पौंडाचे. त्यांनी १.७७ ने गुणले. हा आकडा एका लिटरचे पौंड सांगणारा. उत्तर आले १३,५९७. ते किलो समजून २२,३०० मधून वजा केले, राहिले ८,७०३. त्याला पुन्हा १.७७ ने भागून ४,९१६ लिटर इंधन भरण्यात आले. वास्तविक भरावयास हवे होते सुमारे २०,००० लिटर. गणित बिनचूक होते. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, भागाकार बरोबर. फक्त किलो म्हणून लिहिलेला आकडा पौंडाचा होता. विमान निघाले ते अर्ध्याहून कमी शिदोरी घेऊन. ओटावाला पुन्हा मोजणी झाली, पण त्याच चुकीच्या आकड्याने. चुकीच्या मापाने दहा वेळा मोजले तरी दहाही वेळा तेच उत्तर येते आणि खात्री मात्र वाढत जाते.

वाटेत दोन्ही इंजिने एकामागून एक बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना इंजिनाविना उडणारी ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटाल यांनी ते अवजड विमान घसरत घसरत गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले. तेथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या. ६९ जणांपैकी एकाचाही प्राण गेला नाही. पुढे न्यायमूर्ती लॉकवुड यांच्या चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. पूर्वीच्या विमानांत इंधनाचा हिशेब करणारा तिसरा माणूस, म्हणजे फ्लाइट इंजिनिअर असे. नव्या विमानात त्याची जागा राहिली नाही. परंतु त्याचे काम आता कुणाचे, हे कुणी स्पष्टपणे लिहून ठेवले नव्हते.

गोमंतकीयांना हा मापांचा घोटाळा परका वाटण्याचे कारण नाही. गोव्यात भाताची खंडी वीस कुडवांची, तर घाटावरच्या व्यापाऱ्याची वजनाची खंडी वीस मणांची. शब्द एकच, माल वेगळा. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पाठोपाठ मेट्रिक वजनमापे. तरी बाजारातील जुन्या माणसांच्या जिभेवरून शेर आणि आणे जायला कितीतरी वर्षे लागली. कायदा एका दिवसात बदलतो, हाताचे वळण बदलायला एक पिढी जाते. या मधल्या काळातच अपघात दबा धरून बसलेला असतो.

दुसरी चूक शब्दाची. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर तिचा विचार अधिक आस्थेने व्हावयास हवा.

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबिया देशाच्या आव्हिआंका कंपनीचे बोइंग ७०७ मेडेलिनहून न्यूयॉर्कला येत होते. न्यूयॉर्कला हवामान वाईट, विमानांची गर्दी. या विमानाला वाटेत तीन ठिकाणी मिळून सुमारे ७७ मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या. कंपनीच्या डिस्पॅचरकडून प्रवासादरम्यान ताजे हवामान वैमानिकांनी घेतले नव्हते. जो पर्यायी विमानतळ कागदावर होता, तिथवर जाण्याइतके इंधनही पुढे उरले नाही. सहवैमानिकाने नियंत्रकांना ‘अग्रक्रम’ हवा असल्याचे सांगितले, इंधन संपत आल्याचेही सांगितले. परंतु ज्या एका शब्दाने साऱ्या यंत्रणेने इतर सर्व विमाने बाजूला केली असती, तो ‘आणीबाणी’ हा शब्द त्याने अखेरपर्यंत उच्चारला नाही. बोलणाऱ्याच्या मनात ‘अग्रक्रम’ म्हणजे प्राणसंकट होते, ऐकणाऱ्याच्या कानी ती रांगेतली एक विनंती ठरली. पहिला प्रयत्न फसला आणि दुसऱ्या प्रयत्नापूर्वीच विमान लाँग आयलंडवरील टेकडीवर कोसळले. १५८ पैकी ७३ जण मरण पावले. इंधन नसल्यामुळे आग लागली नाही, एवढाच काय तो दिलासा.

या घटनेनंतर पुष्कळ विचार झाला आणि २०१२ साली आंतरराष्ट्रीय नियमांत दोन नेमकी वाक्ये ठरवून देण्यात आली. ‘मिनिमम फ्यूएल’ म्हणजे आता कोणताही आणखी उशीर राखीव साठ्याला हात घालील. ‘मेडे फ्यूएल’ म्हणजे राखीव साठ्याला हात लागणारच. आम्हाला वाट द्या. शब्दांचे अर्थ संदर्भाने बदलतात हे साहित्याचे वैभव आहे. परंतु जेथे प्राण टांगणीला लागतात तेथे एका शब्दाला एकच अर्थ असावा लागतो. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्यात.

तिसरी चूक परिस्थिती बदलली असता जुन्याच आकड्यांना धरून राहण्याची. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एअरबस विमान मद्रासहून हैदराबादला गेले. तेथे नीट दिसत नसल्याने उतरता आले नाही आणि पुन्हा वर चढताना पंखांच्या मागील पडदे, ज्यांना फ्लॅप म्हणतात, ते आत जाईनात. वैमानिक मद्रासकडे परतले. पण पडदे बाहेर असलेले विमान वाऱ्याला अडते आणि कितीतरी अधिक इंधन पिते. आराखड्यातील आकडे नीट मिटलेल्या पंखांचे होते. मद्रास येण्यापूर्वीच इंधन संपत आले आणि विमान तिरुपतीजवळ भातशेतीत उतरवावे लागले. सुदैवाने सर्वजण वाचले.

१८ ऑगस्ट २०१५ रोजी दोहाहून कोचीला येणाऱ्या जेट एअरवेजच्या विमानाला पहाटेच्या धूसर हवेत कोचीला उतरता आले नाही. ते तिरुवनंतपुरमला गेले, तर तेथेही तीच अवस्था. अखेर एकूण सातव्या प्रयत्नात ते टेकले, तेव्हा टाक्यांत अर्ध्या टनाहूनही कमी इंधन होते. १५ जुलै २०१९ रोजी मुंबईहून दिल्लीला निघालेल्या विस्तारा कंपनीच्या विमानाचीही कथा अशीच. दिल्लीला वादळी हवा म्हणून लखनौ, लखनौला ऐनवेळी दृश्यमानता घटली म्हणून प्रयागराजची वाट, आणि लखनौ निवळल्याचे कळताच पुन्हा माघारी. ‘मेडे’ पुकारून विमान उतरले, तेव्हा काही मिनिटांचेच इंधन उरले होते. प्राणहानी झाली नाही, म्हणून या घटना लवकर विसरल्या जातात. वस्तुतः ज्यांतून सारे वाचले, त्याच घटना अधिक शिकवतात, कारण तेथे सांगणारे जिवंत असतात.

या दोन घटनांतील धडा गोव्याला थेट लागू पडतो. दाबोळी आणि मोपा यांच्यात सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरांचे अंतर आहे. एकाला दुसरा पर्याय धरला तर फार थोड्या इंधनात भागते आणि कागदावर हिशेब सुरेख दिसतो. दाबोळीच्या धावपट्टीवर एखादे विमान अडकले, तर मोपा खरोखरच तारणहार ठरेल. परंतु आषाढातील पाऊस दोन्ही ठिकाणी एकाच वेळी कोसळतो. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळही त्याच किनाऱ्यावर, त्याच ढगांखाली. अशा दिवशी खरा पर्याय घाटापलीकडे किंवा दूर असतो आणि तिथवरची शिदोरी आधीच बांधलेली असावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणता येते असे कुणी समजू नये. आकाशात तर खणायला जमीनही नसते. पर्याय जवळ आहे की दूर, यापेक्षा तो खरोखर वेगळा आहे का, हा प्रश्न विचारणे महत्त्वाचे. पावसाळ्यात मोरजीच्या मुखाशी आणि केरीच्या मुखाशी एकच समुद्र खवळतो, हे कोणत्याही तांडेलाला सांगावे लागत नसे.

आता चौथी चूक, जिला चूक म्हणावे की आणखी काही, हा प्रश्नच आहे.

२८ नोव्हेंबर २०१६ रोजी लामिया नावाच्या छोट्या कंपनीचे विमान बोलिव्हियातील सांताक्रूझहून कोलंबियातील मेडेलिनला निघाले. त्यात ब्राझीलमधील शापेकोएन्स या क्लबचे फुटबॉलपटू होते. एका गावातल्या साध्या क्लबने दक्षिण अमेरिकेतील मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती. त्या उड्डाणाच्या कागदावर प्रवासाची वेळ लिहिली होती ४ तास २२ मिनिटे. आणि टाक्यांतील इंधन किती वेळ पुरेल, त्या रकान्यातही तोच आकडा होता, ४ तास २२ मिनिटे. म्हणजे अनपेक्षितासाठी शून्य, पर्यायी विमानतळासाठी शून्य, अंतिम साठा शून्य. विमानतळाच्या कार्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या हे लक्षात आले. आक्षेप घेतला गेला. त्याहून कमी वेळात पोहोचू, असे उत्तर मिळाले. कागद पुढे गेला.

मेडेलिनजवळ दुसऱ्या एका विमानाला आधी उतरण्याची परवानगी मिळाल्याने यांना थांबावे लागले. ते थांबणे थोडक्या मिनिटांचे, पण ती मिनिटे शिदोरीत नव्हती. इंजिने एकामागून एक बंद पडली आणि विमान डोंगरावर आदळले. ७७ पैकी ७१ जण गेले. ज्या डिस्पॅचरने तो कागद पुढे केला होता, तोही त्याच विमानात होता आणि तोही गेला. विमान चालवणारा कॅप्टन कंपनीचा भागीदार होता. वाटेत उतरून इंधन घेण्याचा खर्च त्याच्या खिशातून जाणार होता. आक्षेप घेणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र पुढे देश सोडून ब्राझीलमध्ये आश्रय मागण्याची वेळ आली.

येथे माप चुकलेले नव्हते, शब्द चुकलेला नव्हता, हवामानानेही घात केलेला नव्हता. दोन रकान्यांत एकच आकडा स्वच्छ लिहिलेला होता. शाळेतल्या मुलालाही तो वाचता आला असता. वाचला गेलाही. पण वाचणाऱ्याच्या शब्दामागे कुणी उभे राहिले नाही. पहिल्या तीन प्रकारच्या चुकांवर माणसाने उपाय शोधले. मापे एक केली, शब्द ठरवून दिले, पर्यायांचे नियम कडक केले. चौथ्या प्रकारावर यंत्र नाही. त्यासाठी ‘हे मला मान्य नाही’ असे म्हणणारा माणूस लागतो, आणि तसे म्हणणाऱ्याला शिक्षा न करणारी संस्थाही लागते.

श्रोतेहो, मोपाच्या विमानतळावर आज पेडणे तालुक्यातील कितीतरी तरुण-तरुणी नोकरीला आहेत. कुणी सामान चढवतात, कुणी खिडकीशी बसतात, कुणी इंधनाच्या गाडीजवळ उभे असतात. उद्या त्यांतले कुणी डिस्पॅचरच्या खुर्चीतही बसतील. ज्यांच्या आजोबांनी होडीतील पाण्याचे भांडे तपासले, त्यांच्या नातवंडांसमोर आकड्यांचा कागद येईल. घाई असेल, वरिष्ठांचा आग्रह असेल, ‘आजवर काही झाले नाही’ हे नेहमीचे वाक्य कानांवर पडेल. त्या क्षणी दोन रकान्यांत एकच आकडा दिसला, तर सही न करण्याचे बळ त्यांच्याजवळ असेल का, हा खरा प्रश्न आहे.

शंभर वर्षांपूर्वी परक्या सत्तेखालील या मुलखात ज्यांनी मराठी पुस्तके जमवून कपाटे भरली, त्यांना विमान स्वप्नातही दिसले नसेल. तथापि माणसाने लिहिलेले नीट वाचावे, वाचलेले समजून घ्यावे आणि समजलेले निर्भयपणे बोलावे, एवढ्यासाठीच त्यांनी हा खटाटोप केला. अंतिम साठा वापरण्यासाठी नसतो, तो परत आणण्यासाठी असतो. ग्रंथालयही गावाचा असाच साठा आहे. रोजच्या व्यवहारात त्याची आठवण होत नाही. पण वारा पडतो आणि मुखाशी लाटा उसळतात, तेव्हा गाव कशाच्या बळावर किनाऱ्याला लागणार, याचे उत्तर त्या कपाटांत असते. तो साठा पुढच्या शंभर वर्षांसाठी भरलेला राहो, एवढीच या प्रसंगी ग्रामदेवतेचरणी प्रार्थना.